औषधांची कुळे आणि परिचारिकेची दक्षता

रुग्णालयातील सकाळची औषधफेरी बाहेरच्या माणसाला मोठी साधी गोष्ट वाटते. अधिपरिचारिका औषधांची ट्रॉली ढकलीत एकेका खाटेपाशी थांबते, केसपेपर पाहते, एक-दोन गोळ्या रुग्णाच्या तळहातावर ठेवते, पाण्याचा पेला पुढे करते आणि पुढल्या खाटेकडे वळते. तिच्यामागून वही घेऊन चालणारी विद्यार्थिनी मात्र त्या दोन मिनिटांत एक परीक्षाच देत असते. ही गोळी कोणती, ती शरीरात जाऊन काय करते, देण्यापूर्वी काय पाहावयाचे, दिल्यानंतर कशावर लक्ष ठेवावयाचे, आणि शेजारच्या खाटेवरील रुग्णाला तीच तक्रार असूनही त्याला ती का द्यावयाची नाही, या सर्व प्रश्नांची उत्तरे तिला पाणी ओतता ओतता आठवावी लागतात. औषध डॉक्टर लिहितात, औषधनिर्माता ते काढून देतो. परंतु औषध आणि रुग्ण यांच्यामधला शेवटचा हात परिचारिकेचा असतो. आधीच्या दोघांची चूक तिच्यापाशी अडू शकते. तिची चूक अडविण्यास पुढे कोणी नसते.

परिचर्या अभ्यासक्रमातील औषधशास्त्र हा विषय विद्यार्थिनींना कठीण वाटतो, आणि त्यात त्यांचा दोष फारसा नाही. बी. एस्सी. नर्सिंगच्या २०२१ साली सुधारण्यात आलेल्या अभ्यासक्रमात हा विषय तिसऱ्या आणि चौथ्या सत्रांत विभागलेला आहे. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलीपुढे या सुमारास एकदम शेकडो नावांचा डोंगर उभा राहतो. ही नावे ना मराठी, ना तिने शाळेत शिकलेल्या इंग्रजीतली. साहजिकच ती घोकंपट्टीचा आश्रय घेते. रात्री वसतिगृहात घोकलेली यादी परीक्षेपुरती टिकते आणि वॉर्डात ट्रॉलीपाशी उभे राहिल्यावर नेमकी विसरली जाते. वास्तविक पाहता शासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय आवश्यक औषध सूचीत एकूण ३८४ औषधे आहेत आणि ती २७ विभागांत मांडलेली आहेत. ३८४ सुटी नावे पाठ करणे हे एक काम, आणि २७ घरांची माणसे ओळखणे हे दुसरे. अनुभवी पाठ्यनिर्देशिका विद्यार्थिनींना दुसऱ्या मार्गाने नेतात, तो याचसाठी.

आपल्याकडे आडनावाच्या शेवटी 'कर' आले की ते घराणे मूळचे कोणत्या गावचे असावे याचा अदमास बांधता येतो. औषधांच्या मूळ नावांचेही असेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९५३ सालापासून औषधांची सर्व देशांत चालतील अशी नावे प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला आणि त्यांत एका कुळातील औषधांच्या नावांना शक्यतो एकच शेपूट जोडण्याची पद्धत ठेवली. प्रोप्रॅनोलॉल, ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ही 'ओलॉल' कुळातली मंडळी. हृदयाची गती मंदावणे आणि रक्तदाब उतरविणे हे त्यांचे काम. एनालाप्रिल आणि रॅमिप्रिल ही 'प्रिल' कुळातली, लोसार्टन आणि टेल्मिसार्टन ही 'सार्टन' कुळातली, ॲम्लोडिपिन आणि निफेडिपिन ही 'डिपिन' कुळातली. रक्तदाब उतरविणे हे या चारही कुळांचे काम खरे, पण प्रत्येकाची वाट निराळी, आणि म्हणून प्रत्येकाचा उपद्रवही निराळा.

परिचारिकेच्या दृष्टीने कुळाची ओळख महत्त्वाची ठरते ती या उपद्रवामुळेच. 'ओलॉल' म्हटले की गोळी देण्यापूर्वी नाडी मोजावयाची आणि रुग्णाला दम्याचा विकार आहे काय हे विचारावयाचे. कारण हृदयाला आवरणारे हे कूळ श्वासनलिकाही आवळू शकते. 'प्रिल' म्हटले की काही दिवसांनी रुग्ण कोरड्या खोकल्याची तक्रार करील, हे ध्यानात ठेवावयाचे. असा खोकला सर्दीचा समजून त्यावर खोकल्याचे औषध सुरू होते आणि मूळ कारण तसेच राहते, असे अनेकदा घडते. फ्युरोसेमाईड हे लघवी वाढविणारे औषध शरीरातील पोटॅशियम बाहेर टाकते. त्याच रुग्णाला हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल, तर घटलेल्या पोटॅशियममुळे डिगॉक्सिनची विषबाधा होण्याचा धोका वाढतो. म्हणून डिगॉक्सिन देण्यापूर्वी हृदयाचे ठोके पूर्ण एक मिनिट मोजावयाचे. प्रौढ रुग्णाचे ठोके साठाच्या खाली असतील, तर मात्रा थांबवून डॉक्टरांना कळवावयाचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय येथे उपयोगी पडत नाही, कारण अनियमित ठोके पंधरा सेकंदांत सापडत नाहीत.

काही वेळा कुळाचे ज्ञान रुग्णाला केवळ धीर देण्याच्या कामी येते, आणि तेही लहान काम नव्हे. क्षयरोगाच्या उपचारात रिफॅम्पिसिन सुरू होताच लघवी तांबूस होते. रुग्णाला हे अगोदर सांगितले नाही, तर रक्त पडत आहे अशा समजुतीने तो औषध सोडून देतो. क्षयरोगात मध्येच औषध सोडण्याचे परिणाम काय होतात, हे वेगळे सांगावयास नको. त्याच औषधामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, ही गोष्ट तरुण स्त्री-रुग्णाला सांगण्याचे कामही बहुधा परिचारिकेवरच येते. डॉक्टरांपाशी असे प्रश्न काढण्यास आपल्या स्त्रिया अजून संकोचतात.

औषधाचे कूळ ओळखल्याने काय साधते, याचे एक ठळक उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे आणि प्रत्येक परिचर्या विद्यालयात ते सांगितले जावे, इतके ते बोलके आहे. कोकणात लाल विंचवाचा दंश ही फार जुनी आपत्ती. गवताचा भारा उचलताना, लाकडे काढताना किंवा अंधारात अनवाणी चालताना विंचू डसतो. दंश लहान मुलाला झाला असेल, तर काही तासांतच अंग गार पडते, घाम सुटतो, रक्तदाब चढतो आणि पुढे हृदय थकून फुप्फुसांत पाणी साचते. विंचवाचे विष शरीरातील ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्ये एकदम मोकळी करते. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर असह्य भार येतो. महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असा विचार केला की, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे एखादे औषध या ठिकाणी उपयोगी पडावे. असे औषध उपलब्ध होते, मात्र ते निराळ्याच कामासाठी वापरात होते. ते म्हणजे प्राझोसिन ही रक्तदाबावरील एक साधी गोळी. या उपचाराविषयीचे त्यांचे लेखन 'लॅन्सेट' या ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकात १९८६ साली प्रसिद्ध झाले. पुढे हा उपचार रूढ झाला आणि अशा दंशाने होणारे मृत्यू पुष्कळच कमी झाले. डॉ. बावस्कर यांना २०२२ साली पद्मश्री सन्मान मिळाला. नवे औषध न शोधता, एका कुळाचा गुणधर्म दुसऱ्या रोगाच्या घडणीशी जुळवून पाहण्यात या कार्याचे मर्म आहे.

परंतु हीच गोळी परिचारिकेकडून काय मागते तेही पाहावयास हवे. प्राझोसिनच्या पहिल्या मात्रेनंतर रुग्ण एकदम उठून बसला, तर रक्तदाब कोसळून त्याला घेरी येऊ शकते. लहान मूल विंचवाच्या वेदनेने रडत असते, आणि रडणाऱ्या मुलाला उचलून छातीशी धरणे हा आईचा स्वभावधर्म. तेथे उभ्या असलेल्या परिचारिकेने आईच्या खांद्यावर हात ठेवून, "ताई, बाळाला आता उचलू नका. आडवंच राहू द्या, तुम्ही त्याच्याजवळ बसा," असे सांगितले नाही, तर योग्य औषधही अपाय करून जावयाचे. मात्रेचेही तसेच. ती मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे ३० मायक्रोग्रॅम अशी धरतात. बारा किलोच्या मुलाला म्हणजे ३६० मायक्रोग्रॅम. हाताशी असलेली साधी गोळी एक मिलिग्रॅमची, म्हणजेच हजार मायक्रोग्रॅमची. तेव्हा मूल बारा किलोचे असेल तर गोळीच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित अधिक एवढाच भाग द्यावयाचा असतो. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपटीचा फरक आहे, हे पुस्तकात वाचताना कोणालाही कळते. रात्री दोन वाजता, आई रडत असताना, घाईने लिहिलेल्या कागदावर ते वाचणे ही गोष्ट निराळी.

त्याच अपघात विभागात, त्याच रात्री, पिकावर कीटकनाशक फवारताना विषबाधा झालेला शेतमजूर येऊ शकतो. तोही घामाने निथळत असतो आणि त्याच्याही तोंडाला लाळ येते. सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील कीटकनाशकाची बाधा असेल, तर त्याला ॲट्रोपिन हे जीवदान ठरते. विंचू चावलेल्या मुलाला मात्र घाम पाहून तेच ॲट्रोपिन दिले, तर अपाय संभवतो. वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन रुग्णांना दोन भिन्न कुळांची औषधे लागतात. कपाटात ती जवळजवळ असली तरी मनात ती दूर ठेवावी लागतात.

कुळाची पद्धत शिकविताना एका धोक्याचीही सूचना देणे अगत्याचे आहे. शेपूट नीट पाहिले नाही, तर ते फसविते. ओमेप्राझोल, फ्लुकोनाझोल, अल्बेंडाझोल, मेट्रोनिडाझोल आणि कार्बिमाझोल ही पाच नावे एकापुढे एक म्हणून पाहिली, तर पाची भावंडे वाटतात. प्रत्यक्षात पहिले जठरातील आम्ल कमी करते, दुसरे बुरशीवर चालते, तिसरे जंतांवर, चौथे आमांशासारख्या विकारांवर आणि पाचवे थायरॉइड ग्रंथीवर. केवळ 'झोल' हे शेपूट काहीच सांगत नाही. 'प्राझोल', 'कोनाझोल', 'बेंडाझोल', 'निडाझोल' असे त्यामागचे अक्षरही पाहावे लागते. तोच प्रकार 'स्टॅटिन'चा. ॲटोरव्हास्टॅटिन रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करते, तर नायस्टॅटिन तोंडातील बुरशी घालविते. अशा जोड्यांचे तक्ते वॉर्डातील भिंतीवर लावलेले असले म्हणजे पाठांतराचे अर्धे ओझे उतरते. तक्ते लावणाऱ्या परिसेविका काही ठिकाणी आहेत, काही ठिकाणी भिंती कोऱ्याच आहेत.

नावांच्या सारखेपणातून होणारा घोटाळा याहूनही गंभीर आहे. डोपामिन आणि डोब्युटामिन, हायड्रालाझिन आणि हायड्रॉक्सिझिन, व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही नावे घाईत लिहिली तर सारखी दिसतात आणि दूरध्वनीवरून सांगितली तर सारखी ऐकू येतात. त्यात कंपन्यांच्या व्यापारी नावांची भर. एकाच औषधाची दहा नावे आणि एकसारख्या नावांची दोन भिन्न औषधे, असा हा बाजार आहे. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे, अशी तरतूद २०१६ साली वैद्यकीय व्यवसायाच्या आचारनियमांत करण्यात आली. तरतूद उत्तमच आहे. तथापि केसपेपरावरील अक्षर पाहिले, तर ती सर्वत्र मुरली आहे असे म्हणणे कठीण. अक्षर लागत नसेल तर अंदाज बांधू नये, विचारावे, एवढाच नियम विद्यार्थिनीच्या हाती उरतो. लघुरूपांच्या बाबतीतही हेच लागू पडते. 'ओ. डी.' म्हणजे आपल्याकडे दिवसातून एकदा. नेत्रविभागात तीच अक्षरे उजव्या डोळ्यासाठी वापरलेली आढळतात.

आता गणिताकडे वळू. परिचर्या शाखेकडे येणाऱ्या अनेक मुलींना गणिताचा धाक असतो, आणि औषधाच्या मात्रेचे गणित तर चुकले की उत्तर लाल शाईने खोडून भागत नाही. सुदैवाने हे गणित त्रैराशिकापलीकडचे नाही. एक लिटर सलाईन आठ तासांत द्यावयाचे आहे आणि नळीतून एका मिलिलिटरला वीस थेंब पडतात, तर मिनिटाला किती थेंब? हजारांना विसाने गुणावे, आठ तासांच्या ४८० मिनिटांनी भागावे. उत्तर सुमारे ४२ थेंब. हे एकदा घड्याळ हाती घेऊन प्रत्यक्ष थेंब मोजीत केले की जन्मभर विसरत नाही. नळीच्या वेष्टनावर थेंबांचा आकडा छापलेला असतो. लहान मुलांसाठी वापरावयाच्या नळीत तो साठ असतो. आकडा न वाचता सवयीने हिशेब करणे हीच येथील खरी चूक.

पॅरासिटामॉलसारख्या घरोघरच्या औषधातही हाच सापळा आहे. दहा किलोच्या मुलाला तापासाठी किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने १५० मिलिग्रॅम द्यावयाचे म्हटले, तर पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून सहा मिलिलिटर, पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून तीन मिलिलिटर, आणि एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेल्या थेंबांच्या कुपीतून केवळ दीड मिलिलिटर द्यावे लागते. औषध तेच, ताप तोच, मात्र बाटली बदलली की माप बदलले. "एक चमचा द्या" हे वाक्य आईला सांगून परिचारिकेने मोकळे होऊ नये. कोणत्या बाटलीतला आणि कोणता चमचा, हे दाखवूनच द्यावे.

सर्वांत अधिक काळजी घ्यावयाची ती इन्शुलिनच्या बाबतीत. आपल्या देशात एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या इन्शुलिनच्या बाटल्या मोठ्या प्रमाणावर वापरात आहेत आणि १०० युनिटच्याही आहेत. दोहोंसाठी सिरिंज निराळ्या असतात. ४० युनिटच्या सिरिंजचे टोपण सामान्यतः लाल, १०० युनिटच्या सिरिंजचे नारिंगी. समजा, रुग्णाला २० युनिट द्यावयाचे आहेत आणि हाती बाटली १०० ची, सिरिंज मात्र ४० ची आली. सिरिंजवरील २० च्या खुणेपर्यंत औषध भरले म्हणजे अर्धा मिलिलिटर भरला, आणि त्यात युनिट झाले पन्नास. रुग्णाला अडीचपट मात्रा मिळाली. उलट घडले, म्हणजे बाटली ४० ची आणि सिरिंज १०० ची झाली, तर २० च्या जागी आठच युनिट पोटात जातात आणि साखर का उतरत नाही म्हणून डॉक्टर मात्रा वाढवीत राहतात. या दोन्ही प्रसंगी खूण वीसचीच होती. विद्यार्थिनी शपथेवर सांगेल की तिने वीसच भरले. म्हणून इन्शुलिन भरल्यावर बाटली आणि सिरिंज दोन्ही दुसऱ्या परिचारिकेला दाखविण्याची पद्धत आहे. ती कंटाळवाणी वाटते. रात्रपाळीला दुसरी परिचारिका शेजारच्या वॉर्डातून बोलवावी लागते, आणि मनुष्यबळ अपुरे असले तर तेही जड जाते. तरीसुद्धा ती सोडावयाची नाही.

अशीच जागरूकता पोटॅशियम क्लोराइडबाबत बाळगावी लागते. त्याची कुपी आणि शुद्ध पाण्याची कुपी हातात घेतल्यावर पुष्कळदा सारख्याच वाटतात. एखादे चूर्णरूप इंजेक्शन पाण्यात कालवावयाचे म्हणून हात कपाटात जातो आणि चुकीची कुपी हाती येते. पोटॅशियम क्लोराइड सलाईनमध्ये मिसळून सावकाशच द्यावयाचे असते. न मिसळता थेट शिरेत टोचले तर हृदय बंद पडते. त्यावर उपाय साधाच आहे. या कुप्या सर्वसाधारण कपाटात ठेवावयाच्याच नाहीत. निराळ्या जागी, ठळक चिठ्ठी लावून, कुलपात ठेवावयाच्या. माणसाच्या सावधपणाला मर्यादा असतात, कुलपाला त्या मानाने कमी.

प्रसूतिकक्षात गरोदर मातेला झटके येऊ लागले म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट दिले जाते. पुढील प्रत्येक मात्रेपूर्वी तीन गोष्टी पाहावयाच्या असतात. श्वास मिनिटाला किमान सोळा आहेत काय, गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो काय, आणि लघवी तासाला किमान तीस मिलिलिटर होत आहे काय. यांपैकी एकही गोष्ट उणी आढळली, तर मात्रा थांबवावयाची. आणि त्याचा उतारा असलेल्या कॅल्शियम ग्लुकोनेटची कुपी खाटेजवळ ठेवूनच काम सुरू करावयाचे. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबविण्यासाठी वापरावयाचे मेथिलअर्गोमेट्रिन रक्तदाब वाढलेल्या मातेला देत नाहीत, ही गोष्टही याच कक्षातली. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेमणूक झालेल्या परिचारिकेला असे प्रसंग विशेषज्ञ शेजारी नसतानाच हाताळावे लागतात.

औषध देण्याच्या पद्धतीचे जे नियम विद्यार्थिनींना पहिल्या वर्षापासून शिकविले जातात, ते ऐकावयास बाळबोध वाटतात. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. आणि वेष्टनावरील नाव तीनदा वाचावयाचे, कपाटातून काढताना, मात्रा काढताना आणि रुग्णाला देण्यापूर्वी. यांतील 'योग्य रुग्ण' हा नियम सर्वांत सोपा वाटतो आणि तोच अनेकदा मोडतो. वॉर्डात दोन लक्ष्मीबाई असतात. त्यांपैकी एकीला कमी ऐकू येते. "तुम्ही लक्ष्मीबाई ना?" असे विचारले की ती मान डोलावते, तिला सरस्वतीबाई म्हणून हाक मारली असती तरी तिने मान डोलावलीच असती. म्हणून प्रश्न "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा" असा विचारावयाचा आणि मिळालेले उत्तर केसपेपराशी ताडून पाहावयाचे. खाटेच्या क्रमांकावर विसंबावयाचे नाही, कारण पंख्याखालची जागा मिळावी म्हणून रुग्ण आपसांत खाटा बदलतात.

या सर्वांहून अवघड असा एक धडा आहे, आणि तो पुस्तकात नाही. मात्रा शंकास्पद वाटली तर विचारण्याचा. सांधेदुखीवरील मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. केसपेपरावर ते 'रोज' असे लिहिले गेले, तर ते रोज देणे प्राणघातक ठरू शकते. ही चूक ओळखण्याइतके ज्ञान दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीजवळ असते, परंतु वीस वर्षे अनुभव असलेल्या डॉक्टरांपुढे जाऊन "सर, हे औषध आठवड्यातून एकदा ना?" असे म्हणण्याचे धैर्य तिच्याजवळ असते काय? लहानपणापासून मोठ्यांना उलट प्रश्न न करण्याचे वळण लागलेल्या मुलीला हा प्रश्न उद्धटपणाचा वाटतो. तो तसा नाही, हे तिला पाठ्यनिर्देशिकेने सांगावयाचे, आणि डॉक्टरांनी न रागावता उत्तर देऊन सिद्ध करावयाचे. दूरध्वनीवरून मिळालेली सूचना लिहून घेऊन पुन्हा वाचून दाखविण्याची पद्धत अनेक रुग्णालयांत आहे. त्यात डॉक्टरांचा वेळ जातो तो अर्ध्या मिनिटाचा.

आणि चूक झालीच तर? येथे बहुतेक ठिकाणी अजून जुनाच दृष्टिकोन आहे. चूक कोणी केली याचा शोध आधी, चूक का झाली याचा नंतर, किंवा केव्हाच नाही. त्यामुळे घाबरलेली विद्यार्थिनी चूक लपविते, आणि ज्या तासाभरात रुग्णाला उतारा देता आला असता तो तास निघून जातो. चुकीचे औषध दिले गेल्याचे ध्यानात येताच प्रथम रुग्णाकडे धाव घ्यावयाची, त्याची नाडी, श्वास आणि रक्तदाब पाहावयाचा आणि त्याच क्षणी वरिष्ठांना सांगावयाचे. स्वतःच्या भवितव्याचा विचार त्यानंतर. असे सांगणाऱ्या मुलीला प्रशासनाने कसे वागविले, हे सारा वॉर्ड पाहत असतो, आणि पुढची चूक उघड होणार की दडपली जाणार हे त्यावरच ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारा टाळता येण्याजोगा गंभीर अपाय पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले, तेव्हाही एकट्या व्यक्तीच्या सावधपणापेक्षा कामाच्या पद्धतीतील सुधारणेवर भर दिला होता.

योग्य औषध योग्य रीतीने देऊनही अपाय झाला, तर त्याची नोंद करण्याचीही सोय आहे. भारतात २०१० साली औषधदक्षता कार्यक्रम सुरू झाला आणि गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग त्याचे समन्वय केंद्र म्हणून काम पाहतो. एखाद्या औषधाने पुरळ उठले, सूज आली, काही अनपेक्षित घडले, तर डॉक्टरांप्रमाणेच परिचारिकाही तसे कळवू शकते. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. पुरळ प्रथम दिसते ते बहुधा अंग पुसताना, म्हणजे परिचारिकेलाच.

सकाळच्या फेरीत कधी कधी असे होते की, खाटेवरील आजोबा गोळी तळहातावर घेऊन निरखीत बसतात आणि म्हणतात, "सिस्टर, काल पिवळी होती, आज पांढरी कशी?" मागे अजून अठरा खाटा उरलेल्या असतात. "तीच आहे आजोबा, घ्या लवकर" हे वाक्य जिभेवर आलेले असते. विद्यार्थिनीने ते गिळावे, गोळी त्यांच्या हातून परत घ्यावी, पाकिटावरील मूळ नाव केसपेपराशी पुन्हा ताडून पाहावे. गोळी तीच, केवळ कंपनी निराळी असे निघाले, तर तसे आजोबांना सांगावे आणि पाण्याचा पेला पुढे करावा. निराळीच निघाली, तर ती ट्रॉलीवर बाजूला ठेवून फेरी तेथेच थांबवावी आणि परिसेविकेला हाक मारावी.